प्रकरण सातवे : यंत्राने बोलावे की मुके राहावे

लातूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागले म्हणजे वीसएक किलोमीटरांवर औसा येते. गावाचा भुईकोट किल्ला, त्याचा खोल खंदक आणि तटावरच्या जुन्या तोफा पाहावयास चार परगावचे लोक येतात. परंतु बहामनी सुलतानांपासून हैदराबादच्या निजामापर्यंत ज्या गावाने इतक्या राजवटींच्या मोहोरा अंगावर वागविल्या, त्या गावात आजच्या राज्यसत्तेची मोहोर कोठे उमटली आहे असे मला कोणी विचारले, तर मी त्याला किल्ल्यावर न नेता एखाद्या सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीपाशी नेईन. येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, ते करणे हा दंडनीय अपराध आहे, अशा आशयाचा फलक तेथे असतो. असतो म्हणजे असावाच लागतो, कारण तो लावणे हेही कायद्याने सक्तीचे आहे. फलकाखालच्या टेबलावर ‘एफ फॉर्म’ नावाचा कागद असतो. गरोदर बाईच्या पोटावर यंत्र टेकविण्यापूर्वी त्यात तिचे नाव, वय, पत्ता, नवऱ्याचे किंवा वडिलांचे नाव, तपासणीचे कारण, आणि तिला हयात मुलगे किती व मुली किती, हे सारे नमूद करावे लागते. अखेरीस तिने असे निवेदन करावयाचे असते की, आपल्या गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही. सही येत नसेल तर अंगठा. ज्या बाईला तिची इच्छा काय, असे उभ्या जन्मात फारसे कोणी विचारलेले नसते, तिच्याकडून सरकार एवढ्या आवर्जून लिहून घेते ते एक इच्छा नसल्याचे.

याच्या नेमकी उलट व्यवस्था पाहावयाची असेल तर अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०११ साली केलेला कायदा वाचावा. गर्भपात करून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीची किमान २४ तास आधी सोनोग्राफी झालीच पाहिजे, वैद्याने पडद्यावरचे चित्र तिच्यासमोर धरले पाहिजे, हृदयाचे ठोके ऐकू येतील असे यंत्र लावले पाहिजे आणि गर्भाचे अवयव शब्दांनी वर्णून सांगितले पाहिजेत, असे त्या कायद्याचे फर्मान होते. स्त्रीने हवी तर नजर वळवावी, एवढी मुभा तिला ठेवली होती. पुढल्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यात असेच विधेयक आले, तेव्हा गर्भ अगदी लहान असताना पोटावरून काही दिसत नसल्यामुळे हे यंत्र योनिमार्गाने आत घालावे लागेल, ही गोष्ट विधिमंडळाबाहेरच्या स्त्रियांनी सभासदांच्या ध्यानात आणून दिली. मोठा गहजब झाला, राज्यपालांनी माघार घेतली आणि पोटावरच्या सोनोग्राफीपुरती सक्ती उरली. हंगेरीच्या सरकारने २०२२ मध्ये गर्भाच्या जीवनखुणा स्त्रीला दाखविल्याचा दाखला सक्तीचा केला. तेथे यंत्राने बोललेच पाहिजे. येथे यंत्राने मुके राहिलेच पाहिजे. दोहोंना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल, कारण आपल्याकडील मौनामागे लाखो न जन्मलेल्या मुलींचा इतिहास आहे आणि तिकडील वाचाळपणामागे स्त्रीचे मन मोडण्याचा हेतू आहे. तथापि एक साम्य डोळ्यांआड करता येत नाही. गर्भपाताच्या दारात राज्यसंस्था जो विधी, जी तपासणी, जो कागद आणून ठेवते, त्याचे मूळ बहुधा वैद्यकशास्त्रात नसते. त्या त्या काळी कायदेमंडळातील मंडळींना ज्या गोष्टीची चिंता लागलेली असते, ती चिंता त्या कागदावर उतरलेली असते. महाराष्ट्रात ही चिंता गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा पालटली, आणि प्रत्येक वेळी दारातला कागदही पालटला.

इंग्रजी अमलात ती चिंता गुन्ह्याची होती. १८६० च्या दंडसंहितेचे कलम ३१२ स्त्रीचा जीव वाचविण्याचा अपवाद वगळता गर्भपात घडविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतची, आणि गर्भाची हालचाल सुरू झाली असल्यास सात वर्षांपर्यंतची कैद सांगे, व स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीलाही त्यातच गोवी. औसा त्या वेळी निजामाच्या मुलखात होते व तेथला फौजदारी कायदा वेगळा होता. भारतीय दंडसंहिता येथे १९५१ साली आली, म्हणजे रझाकारांचा बंदोबस्त होऊन संस्थान खालसा झाल्यावर. परंतु विधवेला दिवस गेले म्हणजे तिच्या पुढ्यात विहीर, विषारी मुळी किंवा जन्मल्या मुलाचा गळा एवढेच मार्ग उरत, ही गोष्ट संस्थानात आणि इंग्रजी इलाख्यात सारखीच होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने. सुरतेच्या एका विधवेला अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. त्यावरून वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर जी राळ उडाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. त्या पुस्तकाचा जन्म एका फौजदारी खटल्यातून झाला, हे आपले वाङ्मयेतिहासकार सांगतात खरे, पण ओझरते.

स्वातंत्र्यानंतर चिंतेचे रूप बदलले. केंद्र सरकारने १९६४ मध्ये गर्भपाताच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्याकडे आले, आणि १९६६ च्या अखेरीस समितीने आपला अहवाल दिला. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, त्या वाचाव्यात, हा तिचा मुख्य मुद्दा होता. लोकसंख्या घटविण्याचे साधन म्हणून गर्भपाताकडे पाहू नये, तसे करणे अव्यवहार्य होय, असेही तिने बजावले होते. समितीची भाषा अशी संयमी होती. परंतु ज्या संसदेपुढे हा विषय आला तिच्या कानांत त्या वर्षांत कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचा डंका वाजत होता. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा वाचताना एका स्पष्टीकरणापाशी थांबावे: मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याकरिता ‘विवाहित स्त्रीने अथवा तिच्या पतीने’ वापरलेले साधन निकामी ठरून गर्भ राहिल्यास, त्यापासून होणारी मनोव्यथा ही तिच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा समजता येईल. म्हणजे कुटुंबनियोजनाच्या सरकारी मोहिमेत सामील झालेल्या गृहिणीची व्यथा कायद्याला समजली. अविवाहित मुलीची व्यथा त्या स्पष्टीकरणात बसली नाही. ती बसविण्यास पुढे ५० वर्षे लागली.

याच कायद्याचा दुसरा विशेष असा की, त्यात स्त्रीची मागणी म्हणून काही नाही. संमती आहे, मागणी नाही. मूळ कायद्यात १२ आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत वैद्याचे, त्यापुढे २० आठवड्यांपर्यंत दोघांचे, सद्भावपूर्वक बनविलेले मत हाच गर्भपाताचा आधार होता. स्त्रीने ‘मला नको’ म्हणावयाचे आणि वैद्याने त्याचे भाषांतर ‘मानसिक आरोग्यास इजा’ असे करून छापील नमुन्यात उतरवावयाचे, ही वहिवाट तेव्हापासून पडली. आपल्या येथील बहुसंख्य डॉक्टर हे भाषांतर उदारपणे करीत आले, म्हणूनच कायदा कागदावर दिसतो त्याहून प्रत्यक्षात सैल राहिला. पण सैलपणा ज्याच्या हाती, त्याला तो आवळताही येतो, याचा प्रत्यय पुढे यावयाचा होता. १ एप्रिल १९७२ रोजी कायदा अमलात आला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ते साल वेगळ्याच कारणाने आठवते. बहात्तरचा दुष्काळ पडला, आणि या तालुक्यांतल्या बायका पोटातल्या पोरासकट खडी फोडावयास गेल्या. दिल्लीत आपल्याविषयी काही कायदा झाला आहे, ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतरच्या चार वर्षांत लोकसंख्येची चिंता एवढी बळावली की, तिने संमतीचाही घास घेतला. या प्रदेशाच्या दृष्टीने तो इतिहास विशेष जवळचा आहे, कारण त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. जायकवाडी आणि विष्णुपुरीसारख्या कामांमुळे मराठवाड्याने ज्यांना कृतज्ञतेने स्मरणात ठेवले, शिस्तीचे ‘हेडमास्तर’ म्हणून ज्यांची ख्याती, त्यांच्याच कारकिर्दीत १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर निर्बंध घालणारे विधेयक संमत केले. तीन हयात मुले झालेल्या जोडप्याने नसबंदी करून घेतलीच पाहिजे, न घेईल तर शिक्षा, असे त्याचे स्वरूप होते. अशा सक्तीचे विधेयक संमत करणारे भारतातील पहिले विधिमंडळ आपले. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही आणि १९७७ च्या निवडणुकीने तो विषयच बुडाला. पण मंजुरीची वाट अधिकाऱ्यांनी कोठे पाहिली होती? लातूरहून मिरजेला जाणारी जी छोटी गाडी औशाकडच्या माणसांना पंढरीची वाट दाखवी, तिच्याच मार्गावरच्या बार्शीत १९७६ च्या जानेवारीत मोहीम काढून खेडुतांना ट्रकमध्ये घालून नसबंदीच्या टेबलावर नेल्याच्या हकीकती त्या वेळीच प्रसिद्ध झाल्या. त्या वर्षभरात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. आमच्या गावाकडे त्या काळात दवाखान्याची पांढरी गाडी दिसली की पुरुष ज्वारीच्या रानात शिरत; ही गोष्ट मी वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की, ती ज्वारी मला पाहिल्यासारखी वाटते.

सक्ती पुरुषांवर आली तेव्हा सरकार पडले. या एका वाक्यात थोडी अतिशयोक्ती आहे हे मला मान्य आहे. आणीबाणीविरुद्धच्या रोषाला इतरही कारणे होती. परंतु त्यानंतर कुटुंबनियोजनाचे लक्ष्य निमूटपणे बायकांकडे वळले, हे कोणत्याही आरोग्य केंद्राच्या दफ्तरावरून दिसते. ‘ऑपरेशन’ हा शब्द आपल्या खेड्यांत आज बायकांच्याच शस्त्रक्रियेला लावतात. गर्भपात करून हवा असेल तर तांबी बसवून घे किंवा ऑपरेशनला तयार हो, अशी अट कित्येक सरकारी दवाखान्यांतून घातली जाई, याची नोंद महाराष्ट्रातल्या संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या पाहण्यांत सापडते. कायद्यात ही अट कोठेही नाही.

एवढ्यात तिसरी चिंता उभी राहिली, आणि ती खरी होती. गर्भजलपरीक्षेने मुलगी असल्याचे कळले की गर्भ पाडावयाचा, हा धंदा १९८० नंतर मुंबईत उघड जाहिराती देऊन चालू झाला. स्त्रीसंघटना, वैज्ञानिक आणि काही डॉक्टर यांनी मिळून त्याविरुद्ध मोहीम उभारली, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसूतिपूर्व लिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ राहिल्या, २०११ मध्ये ८९४. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. पुण्याच्या व मुंबईच्या ‘मासूम’ व ‘सेहत’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा कोठे यंत्रांची नोंदणी आणि फॉर्मांची तपासणी नेटाने सुरू झाली. कोल्हापुरात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे उपकरण जोडण्यात आले. यंत्रावर काय पाहिले गेले याची मुकाट नोंद ते ठेवी. देशमुख हे स्वतः मराठीतले लेखक, पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत बसून कादंबरीकाराला सुचावी अशीच ही कल्पना होती, असे मला नेहमी वाटत आले आहे. या कायद्यात एक शहाणपणाचे कलम आहे तेही सांगितले पाहिजे: लिंगनिदान करून घेणारी स्त्री नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या दडपणाखाली आली, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे असते. गुन्हा यंत्राचा व ते चालविणाऱ्याचा, गर्भवतीचा नव्हे.

हे शहाणपण २०१२ मध्ये डळमळले. त्या वर्षी मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या परळीच्या एका खाजगी रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका बाईचा मृत्यू झाला आणि त्यामागचा लिंगनिदानाचा सारा व्यवहार उजेडात आला. वर्तमानपत्रे पेटली, विधिमंडळात दररोज निवेदने झाली, आणि स्त्रीभ्रूणहत्येला खुनाचे कलम ३०२ लावावे अशी शिफारस केंद्राकडे करण्याची भाषा सरकारी बाकांवरून ऐकू आली. ‘भ्रूणहत्या’ हा शब्दच मोठा घातकी आहे. तो मुलींच्या बाजूने उभा राहिल्यासारखा दिसतो, पण गर्भपात म्हणजे हत्या हा सिद्धान्त तो मागच्या दाराने आत घेतो. आणि तो एकदा आत आला म्हणजे मुलगी नको म्हणून पाडलेला गर्भ आणि चौथे लेकरू पोसवत नाही म्हणून पाडलेला गर्भ, यांत भेद करण्याची बुद्धी हवालदारापासून आमदारापर्यंत कोणाला राहत नाही. वास्तविक हा भेद करणे अवघड नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बेला गणात्रा व सिद्धी हिरवे यांनी केलेल्या अभ्यासात विवाहित स्त्रियांच्या गर्भपातांपैकी साधारण सहांतील एक लिंगनिवडीसाठी झाल्याचे आढळले. उरलेल्या पाचांचा त्याच्याशी संबंध नव्हता. शिवाय सोनोग्राफीत लिंग दिसू लागते ते तिसरा महिना उलटता उलटता, आणि बहुतेक गर्भपात त्याआधीच होतात. गर्भपाताच्या गोळ्या तर नऊ आठवड्यांपर्यंतच्या. त्या वेळी मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीला दिसतच नाही. तरीही परळीनंतर राज्यात सर्वांत कडक नजर बसली ती औषधांच्या दुकानांतल्या त्याच गोळ्यांवर. दुकानदारांनी कटकट नको म्हणून त्या ठेवणेच सोडले, आणि तीन महिन्यांपुढच्या गर्भपाताला हात लावणे कित्येक डॉक्टरांनी बंद केले.

२०१७ च्या मार्चमध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. त्यानंतरच्या वर्षी विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने, जिचे अध्यक्ष गोंदियाचे आमदार गोपालदास अग्रवाल होते, एक अजब तोडगा सुचविला: लिंगनिदानावर बंदी घालण्याऐवजी ते सर्वांनाच सक्तीचे करावे, म्हणजे पोटात मुलगी आहे याची सरकारदरबारी नोंद राहील आणि ती जन्मेपर्यंत आईवर लक्ष ठेवता येईल. ही कल्पना आधी केंद्रीय मंत्री मेनका गांधी यांनी २०१६ मध्ये जयपुरात बोलून दाखविली होती. दोन्ही वेळी स्त्रीसंघटनांनी आणि डॉक्टरांनी तिला विरोध केला व ती मागे पडली. पण तिचा आवाका ध्यानात घ्यावा. तीस वर्षे ज्या यंत्राने मुके राहावे म्हणून राज्याने कायदे केले, फलक लावले, पहारेकरी उपकरणे जोडली, त्याच यंत्राने आता तहसील कचेरीशी बोलावे, असे राज्याचेच लोकप्रतिनिधी म्हणू लागले होते. औशासारख्या तालुक्यात प्रत्येक गरोदर बाईमागे नोंदवही घेऊन फिरणार कोण? आशाताई; जिला आधीच लसीकरणापासून जनगणनेच्या मदतीपर्यंत सारी कामे लावलेली आहेत. आणि सातव्या महिन्यात एखाद्या बाईचा गर्भ आपोआप गेला, तर तिच्या दारात जबाब घ्यावयास कोण येणार, हाही प्रश्न होताच.

लोकप्रतिनिधींच्या निष्ठेचे माप घ्यावयाचे झाल्यास आणखी एक कायदा पाहावा. २००१ च्या सप्टेंबरनंतर तिसरे मूल झाले तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे, पंचायत समितीचे वा जिल्हा परिषदेचे सदस्यत्व जाते. विधानसभेचे जात नाही. ज्या सभागृहाने सरपंचांच्या पाळण्याची मोजदाद मांडली, त्याने आपल्या पाळण्यांवर कापड टाकून ठेवले आहे. महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला खुर्ची आणि पोटातले मूल यांतून निवड करावी लागते, तेव्हा गर्भपाताच्या दारात तिला कोणी ढकलले, याचे उत्तर कोणत्याही फॉर्ममध्ये भरावयाची सोय नाही.

बेळगावात वाढलेली आणि आयर्लंडमध्ये दंतवैद्य म्हणून स्थायिक झालेली सविता हलप्पनवार २८ ऑक्टोबर २०१२ रोजी, म्हणजे परळीच्याच वर्षी, गॉलवेच्या रुग्णालयात जंतुसंसर्गाने मरण पावली. तिचा गर्भ टिकणार नाही हे निश्चित झाले होते. तरी त्याच्या हृदयाचा ठोका चालू आहे तोवर हात लावता येणार नाही, असे तिला सांगण्यात आले. यंत्राने ठोका ऐकविला व कायद्याने तो मानला. त्या मृत्यूने आयर्लंड हलले, आणि २५ मे २०१८ रोजी लोकांनी सार्वमताने राज्यघटनेतील गर्भपातबंदीचे कलम काढून टाकले. आपल्याकडे लोकलेखा समितीची शिफारस आली तीही त्याच वर्षी.

आता कायद्यात नसलेल्या एका कागदाविषयी. तो मी जवळून पाहिला आहे. आमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला तीन लेकरे. तांबी सोसेना म्हणून काढलेली, आणि दिवस गेलेले. आठवा आठवडा चालू होता. नवरा पुण्याला बिगारी कामावर. मी तिला तालुक्यातल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेलो. टेबलावरच्या मुलीने केसपेपर काढला आणि मान वर न करता विचारले, “मालक कुठंयत?” “पुण्याला.” “मग ते आल्यावर या. सही लागती त्यांची.” मी म्हणालो की, बाई सज्ञान आहे, कायद्याने तिची एकटीची संमती पुरते. मुलगी भांडखोर नव्हती, तिने समजुतीच्या स्वरात सांगितले, “गुरुजी, कायदा असंल. पण उद्या त्यांचे लोक येऊन दवाखाना फोडत्यात, तवा कायदा येत नाही.” तिच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मला म्हणवत नाही. आमची बाई मात्र या वादात पडलीच नाही. तिने एवढेच विचारले, “त्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स चालंल का?”

पतीच्या संमतीची आवश्यकता नाही, हे १९७१ च्या कायद्याच्या शब्दांवरून उघड आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नवऱ्याची नुकसानभरपाईची मागणी फेटाळणारा निर्णय कायम ठेवून त्यावर शिक्काही मारला. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहित स्त्रीला २४ आठवड्यांपर्यंतचा समान हक्क दिला, आणि घरच्यांची संमती, जादा दाखले, न्यायालयाची परवानगी अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असे स्पष्ट बजावले. सोनोग्राफीही कायद्याने सक्तीची नाही; केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तसेच सांगतात. पण ती बहुतेक ठिकाणी करावयास लावतात, आणि ती आली की एफ फॉर्म येतो, फॉर्म आला की हयात मुलींचा आकडा येतो, आणि ‘दोन मुली’ लिहिलेल्या बाईकडे टेबलापलीकडची नजर बदलते. मुलींना वाचविण्यासाठी निघालेला कागद असा दोन मुलींच्या आईच्याच आड येतो.

२०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढली, ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला, स्त्रीचे नाव फोडणाऱ्यास शिक्षा आली. हे सारे स्वागतार्हच. पण २४ आठवड्यांपुढे गर्भात गंभीर व्यंग दिसले तर वैद्यकीय मंडळाकडे जावयाचे, हा नवा उंबरठाही आला. नियमाप्रमाणे मंडळाने तीन दिवसांत मत द्यावयाचे असते. मंडळाने नाही म्हटले तर उरते ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाची वाट, आणि ते शहर औशाहून पावणेतीनशे किलोमीटरांच्या घरात. मुंबईतील डॉ. निखिल दातार २००८ मध्ये एका रुग्णेसाठी याच कारणाने न्यायालयात गेले व हरले. कायदा बदलावयास त्यानंतर १३ वर्षे लागली. २०२३ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गौतम पटेल व एस. जी. डिगे यांनी मंडळाचे प्रतिकूल मत बाजूला सारून, निर्णय स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे म्हटले.

आमच्या बाईचा नवरा मुकादमाकडून सुट्टी काढून येईपर्यंत तेरा दिवस गेले. आठवा आठवडा होता तो दहावा झाला; गोळ्यांची मुदत टळली आणि ‘क्युरेटिंग’ करावे लागले. तिला वाचता येत नाही, म्हणून संमतीचा ‘सी फॉर्म’ मी तिला वाचून दाखविला. अर्ध्या पानाचा कागद. मी अमुक, अमुक यांची मुलगी अथवा पत्नी, वय अमुक, माझा गर्भपात करण्यास संमती देते. खाली एक सही. पालकाच्या सहीची जागा आहे, पण ती अज्ञान मुलीसाठी किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठी. तिने अंगठा उठविला आणि बोट पदराला पुसले. नियमावलीप्रमाणे हा कागद व डॉक्टरांचे मत एका पाकिटात घालून, ते बंद करून वर ‘गुप्त’ असे लिहावयाचे असते. नोंदवहीतला क्रमांक सालासह घालावयाचा, ५/१९७२ असा, आणि नोंदवही पाच वर्षे जपून ठेवावयाची. टेबलावरच्या मुलीने हे सारे बिनचूक केले. मग तिच्या हातात नवऱ्याने वहीच्या पानावर लिहून दिलेला कागद उरला, ‘माझी काही हरकत नाही’ आणि खाली सही. तो कोणत्या पाकिटात घालावा याची तरतूद नियमावलीत नाही. तिने क्षणभर विचार केला, आणि टाचणीने तो केसपेपरला लावला.